दुसऱ्या मोजणीतली घट

१

रुद्रय्या हिरेमठांच्या डोक्यातून काहीतरी नाहीसे झाले होते. किती, तेही कागदावर छापलेले होते.

"वाचा मास्तर," हिरेमठ म्हणाले. "तुमची नजर पक्की. माझा माझ्यावर आता इश्वास ऱ्हायला न्हाई."

आकाराम चौगल्यांनी चष्मा पुसला आणि कागद खिडकीपाशी धरला. त्यांनी कधी कुणाला शिकवले नव्हते, तरी सारी पेठ त्यांना मास्तर म्हणे. चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली होती. एकदा वाचलेले पुन्हा वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, कारण पहिल्या वाचनावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नसे. हा कागदही त्यांनी दोनदा वाचला.

एकवीस जानेवारी २००७: सहा पूर्णांक नऊ घन सेंटिमीटर. चार फेब्रुवारी: सहा पूर्णांक तीन. खाली एका ओळीत: घट, नऊ टक्के.

शहरातल्या एका खासगी केंद्रात त्या हिवाळ्यात पासष्ट वर्षांवरच्या तीस धडधाकट माणसांच्या मेंदूची चित्रे एमआरआय यंत्रात काढली जात होती. आठवणी जिथे आधी उतरतात असा करंगळीएवढा एक भाग मेंदूत दोन्ही बाजूंना असतो. त्याचे माप संगणक आपला आपण काढत असे, माणसाचा हात लागत नसे. प्रत्येकाला पंधरवड्याने पुन्हा बोलावत. तेच डोके, तेच यंत्र. मग आकडाही तोच येतो का, एवढेच पाहायचे होते. हिरेमठ आणि मास्तर, दोघांचीही नावे त्या तिसांत होती. ओळख झाली तीही तिथल्याच बाकावर.

"चौदा दिवसांत अकरावा हिस्सा गेला," हिरेमठ म्हणाले. "वर्षात काय ऱ्हाईल?"

आतल्या पलंगावर त्यांची बायको चन्नम्मा पडून होती. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन तिची उजवी बाजू गेली होती. बोलणे मात्र शाबूत होते, किंबहुना धार लावल्यासारखे झाले होते. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागे आणि ती हिरेमठच टोचत.

"एक डाव टोचली ते इसरून दुसरी टोचली तर?" हिरेमठांनी आवाज खाली आणला. "माणूस झोपंतच जातंय म्हणं. रविवारी सकाळी गाडी येणार हाय. पुण्याला एक घर हाय, आजारी बायकांना सांभाळत्यात. तिथं न्यायची हिला."

"आणि तुम्ही?"

"तिथं पुरुषांना घेत न्हाईत."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. आज मंगळवार होता.

मास्तर कागद परत देणार एवढ्यात दारातून आत येऊन कुणीतरी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

२

तो सोमेश होता, हिरेमठांचा मुलगा. पुण्यात कारखान्यात इंजिनिअर. चाळिशीचा, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे.

"काका, तुम्ही धीर द्यायला आलाय की भरीला घालायला?"

मास्तर गोंधळले. मोठ्याने बोलणाऱ्या माणसासमोर त्यांचे शब्द नेहमीच पळून जात. पण एक प्रश्न त्यांना बोचत होता. केंद्राने पहिल्याच दिवशी बजावले होते की आकडे कुणालाही मिळणार नाहीत. मग हा कागद इथे आला कसा? आणि पुण्यातल्या मुलाला इतक्या लवकर कळले कसे? हे घर भर पेठेत होते. म्हातारी पुण्याला, म्हातारा एकटा, पुढे घर रिकामे. मास्तरांना स्वतःच्या मनाची लाज वाटली, तरी त्यांनी विचारलेच.

"हा कागद तुम्ही मिळवलात का?"

सोमेश क्षणभर पाहत राहिला. मग कडवटपणे हसला. "मी? मला काल फोन आला, ये आणि तुझ्या आईला घेऊन जा म्हणून. कुणी केला ते विचारा की."

हिरेमठांनी मान खाली घातली.

"मीच केला," ते म्हणाले. "केंद्रात यंत्र चालवणाऱ्या त्या आदर्शकडनं कागद मागून घेतला. आणि पोराला मीच बोलावलं."

"म्हणजे चोर सापडायच्या आधी फिर्यादीनंच कबुली दिली," पलंगावरून चन्नम्माचा आवाज आला. "मला न इचारता!"

सोमेशने कागदाची घडी केली. "आकडा आहे काका. आकड्याला ना माया असते ना राग. अप्पांच्या हातून अव्वाला काही झालं, तर त्याचं ओझं त्यांना पेलणार नाही. मलाही नाही."

मास्तर घरी गेले, पण त्या रात्री कुठल्याच पुस्तकात त्यांचे मन लागले नाही. मुलगा खोटे बोलत नव्हता. बापही नाही. मग खोटे बोलायला उरला होता तो फक्त आकडा.

३

केंद्राच्या डॉक्टर संयोगिताबाईंना मास्तर बुधवारी दुपारी भेटले. कागद बाहेर गेल्याचे ऐकून त्या आधी रागावल्या, मग खुर्चीत टेकून बसल्या.

"चौगलेकाका, तुमचा आकडा सांगते. तुमची हरकत नसेल तर."

मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. "सांगा."

"पहिल्यांदा सहा पूर्णांक चार. दुसऱ्यांदा सहा पूर्णांक सहा."

"म्हणजे... वाढला?"

"पंधरा दिवसांत तीन टक्के."

"अडुसष्टाव्या वर्षी?" मास्तर म्हणाले. "घरी सांगितलं तर कुणी मानणार नाही."

बाई हसल्या. "मानूही नका. यंत्राचा हात दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. निरोगी माणसाची वर्षाची घट एखादाच टक्का असते. त्यामुळे एका माणसाच्या दोन आकड्यांवरून काही बोलायचंच नसतं. पण नऊ टक्के! तो आकडा मलाही खटकतोय."

त्यांनी सगळे पडताळले होते. यंत्र तेच. मोजणारा प्रोग्रॅम तोच. वेळ सकाळी दहाचीच. डोके दुसऱ्या कुणाचे म्हणावे तर कवटीचा आकार तंतोतंत जुळत होता.

"मला चित्रं बघता येतील?" मास्तरांनी चाचरत विचारले. "मला त्यातलं काही कळत नाही. पण दोन प्रती शेजारी ठेवून बघायची सवय आहे."

दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी आली. मास्तर नाक टेकेल इतके जवळ गेले. दोन्ही पुन्हा एकदा पाहून झाल्यावर ते बोलले, तेही स्वतःशीच बोलल्यासारखे.

"छापताना कागद केसभर सरकला ना, की अक्षराच्या कडेला सावली येते. रेघ पुसट होते, बारीक दिसते. नवा माणूस म्हणतो, अक्षरांचे खिळे झिजले. पण खिळे धड असतात हो. कागद हललेला असतो." त्यांनी दुसऱ्या चित्राच्या कडेवर बोट ठेवले. "मला इथं तशी सावली वाटते. चुकतही असेन."

संयोगिताबाईंनी तो भाग मोठा केला. पाण्यावर उठाव्यात तशा फिकट लहरी कडेकडेने पसरल्या होत्या.

"चुकत नाही तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "डोकं हललंय. चित्रं डोळ्यांनी तपासायची ती आठवड्याच्या शेवटी, सगळी एकदम. त्याआधीच कागद बाहेर गेला."

"पण मग यंत्रानं मोजलं कशाला?"

"यंत्राला 'नीट दिसलं नाही' असं म्हणता येत नाही, काका. पुसट कडा त्याला बारीक वाटली. त्यानं आकडा देऊन टाकला."

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. पण बाईंचा चेहरा उजळला नव्हता.

"मोजणी झाल्यावर, हललात का, असं मी प्रत्येकाला विचारते; दुसऱ्या वेळी हिरेमठांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, मी तीळभर हललो नाही. पहिल्या वेळी खरोखरच हलले नव्हते. आता सांगा, पंधरा दिवसांत माणसाचं डोकं त्याच्या नकळत हलायला लागलं असेल, तर? तेही एका आजाराचं लक्षण असू शकतं."

४

यंत्र चालवणारा आदर्श पन्नाशीला आलेला, जाडजूड, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ माणूस होता.

"कागद म्या दिला, चूक झाली. म्हातारं दोन तास बाकावर बसून हुतं, न्हाई म्हणवंना," तो म्हणाला. "पन हलायचं म्हणाल तर, पावणं, ते मुडद्यावानी पडलं हुतं. ना पाय हलला, ना हात."

"तुम्हाला तोंड दिसतं?"

"तोंड कुठलं दिसतंय! डोस्कं आत बोगद्यात. काचंतनं मला पायच दिसत्यात."

"दोन्ही दिवशी सगळं सारखंच केलंत?"

"फारमात बघा की. धातू बाहेर. त्यांच्या गळ्यात चांदीचा चौका हाय, लिंग ठिवायची डबी. दुसऱ्या खेपंला काढायला जरा घुटमळले. म्या म्हटलं, काढा अण्णा, नियम म्हंजे नियम. लाकरात ठिवला."

"दुसऱ्या खेपेला घुटमळले. आणि पहिल्या?"

आदर्श थांबला. "पहिल्यांदा बनाबाईनं तयार करून आणलं. मला काय ठावं न्हाई."

बनाबाई कपडे बदलायच्या खोलीवर असे. पंचावन्न-साठीची, बुटकी, सदा घाईत. मास्तरांनी विचारले तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती.

"दोन्ही रविवारी तुम्हीच होता, बाई?"

"व्हय की. हजेरीवर सही हाय माझी."

तिने वर पाहिले नाही. मास्तर अवघडून उभे राहिले. संशय घेणे त्यांना कधीच जमले नव्हते. घेतला की आधी स्वतःचाच घ्यावासा वाटे. निघावे म्हणून ते वळले आणि त्यांची नजर खुंटीवरच्या तिच्या कापडी पिशवीवर गेली. पिशवीच्या शिवणीत गुलाबी रंग भरून राहिला होता. तिच्या टाचेलाही पट्टी होती. कोल्हापुरात तो गुलाल कुणाला ओळखू येत नाही? चार फेब्रुवारीला जोतिबाचा पहिला खेटा होता, पायी दर्शनाचा रविवार. अनवाणी माणसांची रांग पहाटेपासून डोंगराकडे चालली होती.

"खेटा चांगला झाला का?" त्यांनी विचारले.

चादर तिच्या हातातून सुटली.

"कुनी सांगितलं?" मग तिने पिशवी खुंटीवरून काढून चादरींखाली सारली. "नवस हुता मास्तर, नातीचा. आदर्शभाऊनी माझी सही केली. त्येंच्यावर काय यायला नगं."

"कुणावर काही येणार नाही. मला एवढंच सांगा, पहिल्या रविवारी हिरेमठांना तुम्ही कसं पाठवलंत?"

बनाबाईने दाराकडे पाहिले.

"सांगितलं तर माझी भाकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर दोन म्हातारी माणसं तुटतील."

तिने दार लोटून घेतले. मग म्हणाली, "चौका काढताना म्हातारं रडकुंडीला आलं. म्हणालं, आठव्या वर्षी लिंग बांधलं, तवापास्नं एक डाव सोडला तर अंगावेगळं केल्यालं न्हाई. म्या म्हटलं, चांदी धातू हाय, ती ठिवा हितं. आतलं लिंग दगडाचंच न्हवं? मी हात लावला न्हाई. धुतल्यालं फडकं दिलं. त्येंनीच लिंग फडक्यात घेतलं, डाव्या मुठीत धरलं आनि वर चादर घातली. आदर्शभाऊला बोलले न्हाई."

एका फॉर्मवर, एकाच वेळेत, एकाच यंत्रात झालेल्या त्या दोन मोजण्यांत फरक होता तो एवढाच. आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता.

५

"लिंग नव्हतं तेव्हा बोगद्यात तुम्ही काय केलंत?" मास्तरांनी गुरुवारी विचारले.

"काय करणार?" हिरेमठ म्हणाले. "हातात असलं की मला काय म्हणायलाच लागत न्हाई, मन आपोआप गप होतंय. त्या दिवशी न्हवतं, म्हणून जप केला. मनात."

"मनात?"

"अगदी मनात."

"मनात!" चन्नम्मा पलंगावरून म्हणाली. अर्धेच तोंड हसले, पण हसू पुरे होते. "ह्यांचं मन हनवटीत हाय. हार्नियाच्या आपरेशनला लिंग काढाय लावलं, तवा ह्यांचा मनातला जप बघून शेजारचा पेशंट इचारत हुता, सुपारी खाताय का?"

"काय तरी बोलू नको!"

"मी खोटं बोलते? मग करून दाखवा."

सोमेश दारात येऊन उभा होता. मास्तरांना जे सुचवायचे होते ते सांगायला जीभ उचलत नव्हती. दुसऱ्याच्या देवाला मध्ये घालून प्रयोग करायचा, हे त्यांना बरे वाटेना. शेवटी हिरेमठच उठले. त्यांनी चौका काढून पूजेच्या पाटावर ठेवला आणि चटईवर उताणे झाले. मास्तरांनी सकाळच्या पूजेतले एक बेलाचे पान घेतले आणि हलकेच त्यांच्या हनुवटीवर ठेवले.

"यंत्रात करता तसाच जप करा. अजिबात न हलता."

हिरेमठांचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. ओठही बंद. पण पान थरथरत होते. एक, दोन, एक, दोन. सोमेश घड्याळाकडे बघत होता. मिनिट व्हायच्या आत पान घसरून चटईवर पडले.

"झालं का?" हिरेमठांनी डोळे उघडले. "बघा, हललो का तरी?"

चन्नम्माने फक्त डाव्या हाताने चटईकडे दाखवले.

मग हिरेमठांनी चौक्यातले लिंग तळहातावर घेतले. पान पुन्हा हनुवटीवर ठेवले. पाच मिनिटे झाली. दहा झाली. पान जिथल्या तिथे होते.

सोमेश खाली बसला. "पण हे काही प्रमाण नाही, काका," तो म्हणाला. आवाजात आता धार नव्हती. "पान काय, आणि मेंदू काय."

"बरोबर आहे तुमचं," मास्तर म्हणाले. "मलाही खात्री नाही. म्हणून तर पुन्हा मोजायचं."

६

शनिवारी संयोगिताबाईंनी आपल्या हाताने लिंगाजवळ लोहचुंबक धरून पाहिले. काही ओढले गेले नाही. चांदीचा चौका बाहेर राहिला. हिरेमठ मूठ मिटून आत गेले. बनाबाई दारापाशी उभी होती. बाईंनी तिला कामावरून काढले नव्हते, पण पहिल्या रविवारी काय काय केले ते सगळे तिच्याकडून लिहून घेतले होते, आणि आदर्शला हजेरीच्या सहीबद्दल बंद दाराआड जे ऐकवले ते बाहेरपर्यंत ऐकू आले होते.

तासाभराने आकडा आला. सहा पूर्णांक आठ.

"सहा पूर्णांक नऊ का नाही?" सोमेशने लगेच विचारले.

"आणखी दहा वेळा मोजलं तर दहा वेगळे आकडे येतील," बाई म्हणाल्या. "थोड्याथोड्यानं वेगळे. चित्र मात्र स्वच्छ आहे, मी स्वतः बघितलं. जे गेलं असं वाटत होतं, ते गेलेलं नाही."

"म्हणजे अप्पांची स्मृती चांगली आहे?"

संयोगिताबाईंनी क्षणभर विचार केला. खोटा धीर देणे सोपे होते.

"ते या आकड्यावरून मी सांगणार नाही. आधीही सांगायला नको होतं कुणी. ही परीक्षा यंत्राची होती, हिरेमठांची नव्हती. ते रोज काय करतात, कसं करतात, ते तुम्ही घरी बघा. तिथं शंका आली तर माझ्याकडे या."

घरी परतताना हिरेमठ रिक्षात चौका मुठीत धरून बसले होते. मास्तरांना वाटले, कोडे सुटले. पण रिक्षातून उतरताना हिरेमठांनी त्यांचा दंड धरला.

"यंत्र चुकलं, मास्तर. पन म्हणून मी चुकणार न्हाई, असं थोडंच हाय? उद्या गाडी येऊ दे."

७

रविवारी सकाळी आठला मास्तर पोचले तेव्हा चन्नम्माचे गाठोडे दारापाशी बांधून ठेवलेले होते. दोन लुगडी, कंगवा, औषधांचा डबा. हिरेमठ तिच्या उशाशी बसले होते. सोमेश खिडकीत.

"मास्तर, तुम्ही शिकल्याली माणसं," चन्नम्मा म्हणाली. "आठ दिस सगळी ह्यांचं डोस्कं मोजतायसा. मला एकानं इचारलं न्हाई, सुई कुणाच्या दंडात जातीया म्हणून."

सोमेश खिडकीतून तिच्याकडे वळला.

"चार वर्सं झाली. रोज सुई भरली की हे ती माझ्या डोळ्यांम्होरं धरत्यात. किती हाय ते मी वाचते, मोठ्यानं सांगते, मगच टोचत्यात. एक दिवस चुकलं न्हाई. टोचून झालं की डाव्या हातानं मी भितीवर रेघ वडते. ती बघा." तिने मान वळवली. पलंगालगतच्या भिंतीवर कोळशाच्या बारीक रेघांचे ताटवे होते. सोमेशने ते इतके दिवस म्हातारीचा चाळा समजून पाहिले नव्हते. "ह्येंनी इसरलं तर मी हाय. मी इसरले तर हे हाईत. पुण्याच्या त्या घरात मला कोण हाय?"

सोमेश उठून भिंतीपाशी गेला. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, अशा जोडीने रेघा होत्या. बोट टेकवत तो एकेक जोडी पाहत गेला. मास्तरांनीही पाहिले, आणि सवयीने पुन्हा पाहिले. कुठेही जोडी तुटलेली नव्हती, कुठेही तिसरी रेघ नव्हती.

"अप्पा," सोमेश वळून म्हणाला, "मला शिकवा."

"काय?"

"सुई. आजची मी देतो. महिन्यातून दोन रविवार येईन, तेव्हाही मीच देईन. बाकीच्या दिवशी तुम्ही दोघं."

हिरेमठांनी त्याच्याकडे पाहिले. मग बाटली तळहातांत फिरवली, सुईत औषध कसे ओढायचे, हवेचा बुडबुडा कसा काढायचा ते दाखवले. सोमेशने सुई भरली आणि उजेडात धरली.

"चौदा," तो म्हणाला.

हिरेमठांनी वाकून पाहिले. "चौदा."

त्याने ती आईच्या डोळ्यांसमोर नेली. कारखान्यात मोठमोठी यंत्रे हाताळणारा तो हात आता स्पष्ट थरथरत होता.

"चौदा," चन्नम्मा म्हणाली. "टोच रं बाळा. हात हलला म्हणून काय झालं, पोटचाच हाईस न्हवं?"

बाहेर गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. सोमेशने घाई केली नाही. त्याने सुई सावकाश बाहेर काढली, कापूस दाबून धरला, आईच्या डाव्या हातात कोळसा दिला, आणि तिची रेघ ओढून होईपर्यंत थांबून मग गाडी परत पाठवायला उठला.